ओडिसियसच्या आईने लेथेचं पाणी प्यायलंच नव्हतं का?

ओसरी | शनिवार, रात्री ९.४०

माझा भाचा सहावीत आहे. सुट्टीत आमच्याकडे आलाय आणि रोज रात्री गोष्ट हवी असते. परी-राक्षस आता "बाळबोध" झालेत म्हणे, म्हणून मी ग्रीकांकडे वळले. परवा मेलेल्यांचं राज्य रंगवून सांगितलं. तिथला राजा हेडिस, तीन तोंडांचा कुत्रा, होडीवाला कॅरन आणि पाच नद्या. त्यातली लेथे त्याला फारच आवडली. पाणी प्यायलं की मागचं सगळं पुसलं जातं. ("मावशी, हे प्रगतिपुस्तकाच्या दिवशी बाबांना पाजता येईल का गं?")

काल होमरच्या 'ओडिसी'तला ओडिसियस जिवंतपणी तिथे जाऊन आईला भेटतो तो भाग आला. मी अगदी गळा दाटून सांगतेय, तर हा पांघरुणातून डोकं बाहेर काढून म्हणतो, "पण तिने ते पाणी प्यायलं असेल ना? मग तिला हा कसा आठवतो?"

मी म्हटलं, "झोप आता." म्हणजे हरलेच.

तर जाणकारांनो, हे पाणी कधी प्यायचं असतं? मेल्या मेल्या? सगळ्यांनीच? आणि आठवतच नसेल तर सिसिफसला तरी शिक्षा कसली? आपण कोण आणि हा धोंडा कशापायी ढकलतोय हेच माहीत नसेल तर तो नुसता हमाल झाला.


खडीसाखर | शनिवार, रात्री ९.५२

भाच्याला वकील करा. बाकी वाचतेय.


तिरपागडे | शनिवार, रात्री ११.१५

ओसरीताई, भाच्याने बरोबर जागी बोट ठेवलंय. ओडिसियसच्या आईने लेथेचं पाणी प्यायलं नाही, कारण होमरच्या पाताळात लेथे नदीच नाही.

'ओडिसी'च्या दहाव्या सर्गात सर्सी ही चेटकीण ओडिसियसला वाट सांगते, त्यात चार नावं येतात: अकेरॉन, पायरिफ्लेगेथॉन, कोसायटस आणि स्टिक्स. लेथे नाही. पाच नद्यांची यादी आपण शाळेच्या पुस्तकातल्यासारखी पाठ करतो, ती नंतर कुणीतरी गोळा करून बांधलेली मोळी आहे. हेसिओड या जुन्या ग्रीक कवीकडे लेथे भेटते, पण नदी म्हणून नाही. तिथे ती भांडणाची देवता एरिस हिची मुलगी आहे. कष्ट, भूक, खून, खोटेपणा ही तिची भावंडं. चांगलं खानदान!

पण होमरच्या मेलेल्यांना सगळं लख्ख आठवतं असंही नाही. उलट, त्यांच्यात काही राहिलेलंच नसतं. ती सावली असते, धूर असतो. शुद्ध राहिलाय तो एकट्या टायरेसियस ज्योतिषाची, आणि तीही हेडिसची राणी पर्सिफोनी हिची खास मेहेरबानी. म्हणजे विसरायला पाणी लागत नाही, मेलं की आपोआप विसरतं. लागतं ते आठवायला, आणि ते पाणी नसतं, रक्त असतं.

भाच्याला हा प्रसंग नीट सांगा, त्याला आवडेल. ओडिसियस तलवारीने हातभर लांब, हातभर रुंद खड्डा खणतो. त्यात आधी मध-दूध, मग वाइन, मग पाणी ओततो, वर सातूचं पीठ भुरभुरतो आणि मेंढ्यांच्या माना कापून रक्त सोडतो. चहूकडून सावल्या गर्दी करतात. तो तलवार उपसून खड्ड्याशी बसतो, टायरेसियस येईपर्यंत कुणालाच पिऊ द्यायचं नाही म्हणून. आणि त्या गर्दीत त्याला आई दिसते. ट्रॉयच्या लढाईला निघाला तेव्हा ती धडधाकट होती, ती गेल्याचं त्याला इथेच कळतं. तरी तिलाही तो तलवारीने अडवतो. ती रक्ताजवळ गप्प बसून राहते. समोर पोटचा मुलगा आहे, पण त्याच्याकडे बघत नाही, बोलत नाही. ओळखच नाही.

टायरेसियस सांगतो, ज्याला रक्ताजवळ येऊ देशील तो खरं बोलेल. मग ती पुढे होते, पिते, आणि तत्क्षणी ओळखते. पहिला प्रश्न अगदी आईचा: "बाळा, तू जिवंत असून या अंधारात आलास कसा?"

तेव्हा भाच्याला सांगा, आईला तो आठवत नव्हताच.


भरतीओहोटी | रविवार, सकाळी ७.३०

तिरपागडे, छानच. पण हा नियम होमर स्वतःच पाळत नाही, तेव्हा "होमरकडे असं असतं" असं ठासून सांगू नका. त्याच भेटीत पुढे ट्रॉयला मेलेला अकिलीस येतो आणि ओडिसियसला ओळखतो. त्याने रक्त प्यायल्याचा उल्लेख नाही. ओडिसियसचा सोबती एल्पेनॉर तर आल्या आल्या बोलायला लागतो. (त्याचं ठीक आहे, छपरावरून पडून मेलेला, अंत्यसंस्कार व्हायचे होते, म्हणजे अजून धड आत गेलेला नाही.)

आणि अ‍ॅजॅक्स! अकिलीसची शस्त्रं ओडिसियसला मिळाली म्हणून जीव दिलेला हा माणूस. ओडिसियस गोड बोलून मनधरणी करतो, तर हा एक शब्द न बोलता पाठ फिरवून अंधारात निघून जातो. आई पोटच्या मुलाला विसरली, पण याचा राग मेल्यावरही शाबूत. आमच्या भावकीतले दोन-तीन चेहरे डोळ्यांसमोर आले.

होमरच्या दुसऱ्या महाकाव्यात, 'इलियड'मध्येही एक जागा आहे. अकिलीस पॅट्रोक्लसबद्दल म्हणतो की हेडिसच्या घरी मेलेले मेलेल्यांना विसरत असले तरी मी तिथेही माझ्या मित्राला आठवीन. म्हणजे मेल्यावर विसरतात ही समजूत तेव्हाही होती. नदी तेवढी नव्हती.


ओसरी | रविवार, सकाळी ८.०५

बाप रे. मी त्याला अर्धीच गोष्ट सांगितली होती, रक्ताचा भाग गाळून! झोपताना नको म्हणून. आणि नेमकं उत्तर तिथेच होतं.

मग नदी आली कुठून?


दुपारचा_चहा | रविवार, दुपारी ३.२०

कुठून आली ते तिरपागडे सांगतील, पण रंगमंचावर कधी ऐकू आली ते मी सांगतो. इ.स.पू. ४०५, अथेन्स, अ‍ॅरिस्टोफेनिसचं 'बेडूक'. नाटकवाल्यांचा देव डायोनिसस पाताळात निघालाय, चांगला नाटककार उरला नाही म्हणून मेलेला एक परत आणायला. कॅरन होडी लावतो आणि आरोळी ठोकतो: कटकटीतून सुटायचंय कुणाला? लेथेचं मैदान कोण? कावळ्यांच्या तोंडी कोण? अगदी आपला वडापवाला. "चला, कराड कराड कराड, दोन सीट, दोन सीट!" भाडं दोन ओबोल.

गंमत बघा, विस्मरण हे इथे एका थांब्याचं नाव आहे. आणि मैदान म्हटलंय, नदी नाही. प्रेक्षक हसले असतील म्हणजे नाव त्यांच्या कानावरचं असणार.


तिरपागडे | रविवार, रात्री १०.४५

दुपारचा_चहा, वडापवाला कॅरन, हसून हसून पुरेवाट!

नदीकडे येतो. यात माझा एक लाडका मुद्दा आहे, तो आधीच सांगून टाकतो: ग्रीकांना विस्मरणाचं पाणी लागलं ते पुनर्जन्म आल्यावर. मेलेला माणूस परत येणारच नसेल, तर त्याला आठवतं की नाही याने कुणाचं काही बिघडत नाही. पण आत्मा पुन्हा जन्माला येतो म्हटलं की पहिला प्रश्न पडतो, मग मला मागचं का आठवत नाही? त्याचं उत्तर म्हणजे ते पाणी.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'चा शेवट बघा. एर नावाचा शिपाई लढाईत पडतो. दहाव्या दिवशी प्रेतं उचलतात, बाकीची सडलेली, याचं जसंच्या तसं. बाराव्या दिवशी चितेवर ठेवल्यावर उठून बसतो आणि तिकडे काय पाहिलं ते सांगतो. आत्मे हजार वर्षं केल्याची फळं भोगून एका कुरणावर जमतात. पुढचे जन्म समोर मांडून ठेवलेले असतात, चिठ्ठीच्या क्रमाने ज्याने त्याने निवडायचे. ऑर्फियस हंस होतो, अ‍ॅगमेम्नॉन गरुड. आपला तो रुसलेला अ‍ॅजॅक्स सिंह होतो, माणूस व्हायलाच नको म्हणतो, कारण शस्त्रांचा तो निवाडा अजून डोक्यात आहे.

ओडिसियसची चिठ्ठी सगळ्यात शेवटी निघते. मागच्या जन्मीची वणवण आठवते म्हणून त्याची हौस फिटलेली असते. तो बराच वेळ हिंडून कोपऱ्यात पडलेलं एक आयुष्य शोधतो, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या साध्या माणसाचं. पहिला नंबर लागला असता तरी हेच उचललं असतं म्हणतो.

इथपर्यंत सगळ्यांना सगळं आठवतंय, हे लक्षात घ्या. ओसरीताई, तुमच्या सिसिफसच्या शंकेचं प्लेटोपुरतं उत्तर इथे आहे. शिक्षा होईपर्यंत, निवड होईपर्यंत स्मृती लागतेच.

मग सगळे लेथेच्या मैदानात येतात. भयंकर उकाडा, एक झाड नाही, गवताची काडी नाही. संध्याकाळी नदीकाठी मुक्काम. नदीचं नाव इथे अमेलेस आहे, म्हणजे बेफिकीर. हे पाणी कुठल्याच भांड्यात राहत नाही. प्रत्येकाला ठरावीक मापाने प्यावंच लागतं, पण दिवसभराच्या तहानेने ज्यांना पोच राहत नाही ते ढसाढसा जास्त पितात. प्यायले की विसरले. मध्यरात्री गडगडाट, भूकंप, आणि एकेक आत्मा उल्केसारखा जन्माकडे फेकला जातो. एरला तेवढं पाणी पिऊ देत नाहीत, म्हणून तर तो सांगू शकला.

रोमन कवी व्हर्जिलकडेही तेच. त्याचा नायक इनियस पाताळात बापाला भेटतो तेव्हा लेथेकाठी आत्म्यांचा थवा दिसतो, उन्हाळ्यात फुलांवर मधमाश्या घोंगावाव्यात तसा. बाप सांगतो, यांची हजार वर्षं भरली, आता नव्या शरीरात जायच्या आधी पाणी प्यायला आलेत.

म्हणजे दोघांकडेही हे पाणी आत शिरताना प्यायचं नाही, बाहेर पडताना प्यायचं. आपण सगळे ते फाटकाशी नेऊन ठेवतो आणि भाच्याकडून मार खातो.


गोदाकाठ | सोमवार, सकाळी ६.५०

पुनर्जन्म, कर्माची फळं, मागचा जन्म विसरणं. हे सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलंय हे सांगायला लाज का वाटते? गर्भोपनिषदात स्पष्ट आहे. नवव्या महिन्यात गर्भाला मागचे सगळे जन्म आठवतात, तो तळमळतो, यावेळी सुटलो तर देवाला शरण जाईन म्हणतो. आणि जन्मताना वैष्णव वायूचा स्पर्श झाला की सगळं विसरतो.


शब्दकोडे | सोमवार, सकाळी ९.१०

गोदाकाठ, गर्भोपनिषदाची आठवण काढलीत ते फार बरं केलंत, साम्य थक्क करणारं आहे. गीतेतही "बहूनि मे व्यतीतानि जन्मानि तव चार्जुन" आहेच: कृष्णाला सगळे जन्म माहीत, अर्जुनाला नाहीत, आणि दोघांत फरक तेवढाच. पण कोण कुणाकडून शिकलं हे अशा साम्यावरून ठरत नाही. प्रश्न तोच पडला की उत्तरंही शेजारी शेजारी येतात. तिकडे पाणी, इकडे वारा.

खरंखुरं नातं हवं असेल तर ते शब्दांत आहे. ग्रीकांची स्मृतीची देवता म्नेमोसिने. त्या नावातला 'म्ना' आणि पाणिनीच्या धातुपाठातला 'म्ना अभ्यासे' हे सख्खे भाऊ. आपला 'आम्नाय' त्यातूनच आला, म्हणजे घोकून घोकून टिकवलेला वेद. इथे उसनवारी नाही, आजोळ एक.

आणि लेथेच्या आधी 'अ' लावून ग्रीकांनी काय बनवलं बघा: अलेथेइया. त्यांचा 'सत्य'साठीचा रोजचा शब्द. लेथेच्या धातूचा अर्थ नजरेतून निसटणं, लपून राहणं. सत्य म्हणजे जे निसटलेलं नाही ते. आता टायरेसियसचं वाक्य पुन्हा वाचा: रक्त पिईल तो खरं बोलेल.

अजून एक गंमत. हेसिओड सांगतो की म्नेमोसिनेला झ्यूसपासून नऊ कलादेवता झाल्या, आणि त्या कशासाठी झाल्या? दुःखाचं विस्मरण व्हावं म्हणून. स्मृतीच्या पोटी विस्मरण. गाणं ऐकताना घटकाभर काळजी विसरते, त्याला हे नऊ मुलींचं कारण.


गोदाकाठ | सोमवार, सकाळी ९.४०

म्ना अभ्यासे! हे माहीत नव्हतं. मान्य. बाकीवर नंतर भांडू.


पिंपळपार | सोमवार, दुपारी १.००

तिरपागडे, "बाहेर पडताना" हे प्लेटो-व्हर्जिलपुरतं. फाटकाशी पाणी ठेवणारेही ग्रीक होते, आणि त्यांनी लेखी पुरावा सोडलाय. तोही सोन्यावर.

दक्षिण इटली, थेसली, क्रीट इथल्या थडग्यांत सोन्याचे पातळ पत्रे सापडलेत, बोटाएवढे, त्यावर बारीक अक्षरं कोरलेली. मेलेल्याला वाट चुकू नये म्हणून बरोबर दिलेली चिठ्ठीच. सगळ्यात जुन्यांपैकी एक १९६९ साली इटलीत हिप्पोनियन इथे एका बाईच्या थडग्यात सापडला. साधारण इ.स.पू. ४०० चा.

मजकुराचा गोषवारा असा: हेडिसच्या घरी उजव्या हाताला झरा दिसेल, शेजारी पांढरा सायप्रस. मेलेले तिथे गार होतात. तू त्याच्या जवळपासही फिरकू नकोस. पुढे जा, स्मृतीच्या तळ्याचं गार पाणी वाहतंय. तिथे पहारेकरी विचारतील, अंधारात काय शोधतेस? सांग: मी पृथ्वीचं आणि ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाचं लेकरू आहे. तहानेने मरतेय. स्मृतीच्या तळ्याचं पाणी द्या.

पहिल्या झऱ्याचं नाव लिहिलेलंच नाही, पण तो लेथेचा असणार हे उघड आहे. मला त्यातलं "तहानेने मरतेय" फार लागतं. मेलेली बाई म्हणतेय! पहिलाच झरा समोर, सगळे पितायत, घशाला कोरड, आणि हिने पुढे चालायचं. मागचं विसरलं नाही तर पुन्हा फेऱ्यात पडायचं नाही, ही त्यांची आशा.

इटलीतच पेटेलियाला असाच पत्रा मिळाला, तो आज ब्रिटिश म्युझियमकडे आहे. त्यावर झरा डाव्या हाताला आहे! खुद्द मेलेल्यांच्या नकाशात डाव्या-उजव्याचा घोळ. आणि कितीतरी शतकांनी रोमन काळात कुणीतरी तो पत्रा गुंडाळून सोन्याच्या नळीत घातला, साखळीत ओवून गळ्यात घालायला. शुद्ध ताईत. घालणाऱ्याला आत काय लिहिलंय ते माहीत तरी असेल का, देव जाणे.


खडीसाखर | सोमवार, दुपारी १.२२

माझ्या नवऱ्याच्या हातात असा पत्रा दिला तरी तो आधी डावीकडेच वळेल.


डेकवरचा | मंगळवार, रात्री १२.१०

मर्चंट नेव्हीत होतो. एकदा अथेन्सच्या पिरियस बंदरात जहाज अडकलं तेव्हा दोन दिवस मोकळे मिळाले आणि डेल्फीच्या बसमध्ये बसलो. वाटेत लिव्हादिया लागतं, तिथे उतरलो, कारण पॉसेनियस हा जुना ग्रीक प्रवासवर्णनकार वाचला होता. या गावात लेथे आणि म्नेमोसिने दोघींचं पाणी जिवंत माणसं प्यायची.

इथे ट्रोफोनियसचं देवस्थान होतं. कौल घ्यायला आलेल्या माणसाने काही दिवस राहून हर्किना नदीत आंघोळी करायच्या. मग एका रात्री तेरा-एक वर्षांची दोन मुलं त्याला तेल लावून नदीत न्हाऊ घालणार, आणि पुजारी दोन झऱ्यांशी नेणार. आधी लेथेचं पाणी: आतापर्यंत डोक्यात जे असेल ते जावं. मग म्नेमोसिनेचं: आता जे दिसेल ते राहावं. पाटी पुसून मग लिहायची, तसं.

मग शिडीने खड्ड्यात उतरायचं. पॉसेनियस त्याचा आकार भट्टीसारखा सांगतो. तळाशी भिंतीला दोन वितींचं भोक. हातात मधात मळलेले सातूचे गोळे घेऊन उताणं पडायचं आणि पाय आत घालायचे. गुडघे आत गेले की बाकीचं अंग खस्सकन ओढलं जातं, मोठ्या नदीच्या भोवऱ्यात सापडल्यासारखं. परत आल्यावर म्नेमोसिनेच्या आसनावर बसवून सगळं विचारून घ्यायचे. माणूस भीतीने असा गारठलेला की स्वतःचं भान नाही. नातेवाईक उचलून नेणार. हसू नंतर परत येतं, असं पॉसेनियस खात्री देतो. तो स्वतः उतरला होता.

आज तिथे क्रिया म्हणतात, अर्थ 'गार'. खडकातून पाणी फुटतं, कड्यात नवसाच्या वस्तू ठेवायला कोरलेले कोनाडे आहेत, खाली चिनारासारख्या झाडांच्या सावलीत कॉफीची टेबलं. कुठला झरा कुणाचा ते मला कळेना. मनगटापर्यंत हात घातला, बोटं बधिर झाली. प्यायलो नाही. घरी फोन करायचा होता.


भरतीओहोटी | मंगळवार, सकाळी ८.१५

डेकवरचा, दंडवत. शेवटच्या ओळीसाठी वेगळा.

अवांतर: रोमन सैन्याला स्पेन-पोर्तुगालच्या कोपऱ्यात लिमिया नदी लागली, तिला लोक लेथे म्हणत. शिपाई अडून बसले, ओलांडली तर घरदार विसरू. शेवटी सेनापती डेसिमस ब्रूटसने निशाणवाल्याच्या हातातलं निशाण हिसकावलं आणि स्वतः पार गेला. पुढची दंतकथा अशी की पलीकडच्या काठावरून त्याने एकेका शिपायाला नावाने हाक मारली. नावं आठवतायत म्हटल्यावर बाकीचे उतरले.


खडीसाखर | मंगळवार, सकाळी ८.३०

यात काय विशेष? मुंबईकर रोज वैतरणेचं पाणी पितात.


ओसरी | मंगळवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा काढला तेव्हा एका ओळीचं उत्तर मिळेल वाटलं होतं.

आज रक्तासकट गोष्ट सांगितली. खड्डा, मेंढ्या, तलवार, आणि आई शेजारी बसलीय पण बघत नाही. या जागी तो माझ्या जवळ सरकला. मग ती पिते आणि बोलते. ती कशाने गेली असं ओडिसियस विचारतो, आजारपण की म्हातारपण? ती म्हणते, कशानेच नाही रे, तुझ्या आठवणीने. तो तीनदा मिठी मारायला जातो आणि तीनदा ती हातातून स्वप्नासारखी निसटते. शेवटी ती त्याला सांगते, आता लवकर उजेडात जा, आणि हे सगळं लक्षात ठेव, म्हणजे पुढे बायकोला सांगता येईल. हे वाक्य मी आधी कितीदा वाचलं असेल, पण "लक्षात ठेव" कुठल्या जागी, कोण म्हणतंय हे आज पहिल्यांदा जाणवलं.

आता नवी शंका आली आहे. "मग त्याने बायकोला सांगितलं का?"

मला नक्की आठवेना. झोप म्हटलं. पुन्हा.


तिरपागडे | मंगळवार, रात्री १०.५५

सांगितलं. तेविसावा सर्ग. वीस वर्षांनी दोघं भेटतात त्या रात्री अथेना पहाट अडवून धरते, रात्र लांबवते. तो सगळा प्रवास सांगतो आणि पेनेलपी शेवटापर्यंत डोळा मिटत नाही. त्यात हेडिसच्या घरी गेलो होतो तेही येतं, टायरेसियस येतो, मेलेले सोबती येतात आणि "जिने मला जन्म दिला, लहानाचं मोठं केलं, ती आई" येते. एका ओळीत.

उद्या सकाळी सांगा त्याला. रात्री सांगितलंत तर अजून एक शंका काढेल.